सेवियाचा पाणक्या

लंडनला हाइड पार्कच्या कोपऱ्यावर ॲप्सली हाउस नावाचं एक मोठं घर आहे. त्या घरात पाणक्याचं एक चित्र आहे. म्हातारा माणूस, अंगात फाटका तपकिरी अंगरखा, उन्हानं रापलेला, सुरकुतलेला चेहरा. समोरच्या मुलाला तो पाण्याचा काचेचा पेला देतोय. दोघांच्या मागे अंधारात आणखी एक जण घोट घेताना अर्धवट दिसतो. आणि या सगळ्यांच्या पुढे, चौकटीबाहेर येऊन आपल्या अंगाला लागेल असा, एक भलामोठा मातीचा माठ. चाकावर फिरताना कुंभाराच्या बोटांनी उठवलेली वळी त्याच्या पोटावर दिसतात. माठ बाहेरून पाझरलाय. काही थेंब ओघळता ओघळता मध्येच थांबलेत.

दिएगो वेलास्केसनं हे चित्र 1620 च्या सुमारास स्पेनमधल्या सेविया शहरात काढलं. तेव्हा तो जेमतेम विशीत होता.

मी पुण्याच्या कसबा पेठेत वाढले. उन्हाळा लागला की आजीबरोबर कुंभारवेशीकडे माठ आणायला जायचं, हा आमचा दर वर्षीचा कार्यक्रम. आजी बोटाच्या पेरानं माठावर टकटक करायची. आवाज खणखणीत आला तरच पुढची घासाघीस. घरी आणलेला माठ दोन दिवस नुसता भरून ठेवायचा, ते पाणी झाडांना घालायचं, मग तो तिवईवर मांडायचा आणि आत वाळ्याची जुडी सोडायची. माठाच्या पोटावर ओल धरली, थेंब दिसायला लागले, की आजी हात लावून बघायची आणि म्हणायची, “आता लागला कामाला.”

ॲप्सली हाउसमधल्या त्या चित्रापुढे उभी राहिले तेव्हा आजीचा ओला तळहात मला समोर दिसला. मग पेल्याकडे लक्ष गेलं. पेल्याच्या तळाशी एक अंजीर आहे. पाण्याला गोडी आणि वास यावा म्हणून ते टाकत, असं जाणकार सांगतात. पुरंदरच्या अंजिरांवर वाढलेल्या आम्हा लोकांना ते पाण्यात टाकायचं कधी सुचलं नाही, पण वाळा सुचला. तहानेला नुसतं पाणी पुरतं. तरी ते गार हवं, सुवासिक हवं आणि देणाऱ्यानं ते नीट हातात द्यायला हवं, हे सेवियाच्या रस्त्यावरच्या त्या म्हाताऱ्याला जितकं कळत होतं तितकंच आमच्या आजीलाही.

हे चित्र लंडनला कसं पोचलं तेही इथेच सांगते, कारण त्या वाटेवर पुणं लागतं.

ऑक्टोबर 1802 मध्ये हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणं सोडून वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि 31 डिसेंबरला त्यानं वसईचा तह केला. त्याला परत गादीवर बसवायला जो इंग्रज सेनानी पुण्यावर चालून आला त्याचं नाव आर्थर वेलस्ली. शेवटचे साठ मैल बत्तीस तासांत कापून 20 एप्रिल 1803 ला तो घोडदळासह पुण्यात शिरला. मे महिन्यात बाजीराव गादीवर परतला. सप्टेंबरात याच वेलस्लीनं आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि भोसले यांच्या फौजांना हरवलं. आपल्या शाळेच्या पुस्तकांत वेलस्ली इथे संपतो.

पण तो पुढे स्पेनला गेला. नेपोलियननं आपला भाऊ जोसेफ याला स्पेनच्या गादीवर बसवलं होतं. 21 जून 1813 ला व्हितोरियाच्या लढाईत जोसेफचा पराभव झाला. जोसेफ निसटला, पण त्याची सामानाची गाडी मागे राहिली. त्या गाडीत स्पेनच्या राजवाड्यांतली दोनशेहून जास्त चित्रं होती. चौकटींतून काढलेली, गुंडाळ्या करून भरलेली. त्या गुंडाळ्यांत आपला पाणक्याही होता. पुढे वेलस्ली ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. चित्रं परत करायची तयारी त्यानं दाखवली, पण स्पेनचा राजा सातवा फर्नांडो याच्याकडून ‘ठेवून घ्या’ असा निरोप आला. ॲप्सली हाउस हे त्याच वेलिंग्टनचं घर.

ज्या माणसाच्या फौजेची धूळ आमच्या पेठेनं खाल्ली त्याच्याच भिंतीवर कुंभारवेशीतला वाटावा असा माठ मला भेटला. स्पेनच्या चित्रांवरचं हे पुस्तक लिहायचं तिथेच ठरलं.

पुस्तक छोटं आहे आणि ते कोणासाठी लिहिलंय हेही स्पष्ट आहे. अलीकडे आपल्याकडची पुष्कळ मंडळी स्पेनला जातात. सहलीच्या कार्यक्रमात बार्सिलोनाचं फुटबॉलचं मैदान असतं, फ्लामेंकोचा खेळ असतो आणि माद्रिदच्या प्रादो संग्रहालयासाठी दीड तास असतो. त्या दीड तासात वाटाड्या चाळीस चित्रं दाखवतो. बाहेर आल्यावर पाय दुखतात आणि लक्षात राहतात ते मुकुट, दाढ्या आणि क्रूसावरचा येशू. सहलीला गेलेल्या एका काकूंनी मला सांगितलं, “अगं, सगळं फार भव्य होतं, पण आपलं काही नव्हतं त्यात.” ते वाक्य मला फार लागलं. त्या चित्रांत आपलं पुष्कळ आहे. ते कुठे बघायचं एवढं कोणीतरी सांगायला हवं होतं.

नावांच्या उच्चारांबद्दल आधी थोडं. माद्रिदच्या बोलीत ‘वेलाथ्केथ’ आणि ‘थुर्बारान’ असे उच्चार होतात. सेवियाकडे त्याच ‘थ’चा ‘स’ होतो. वेलास्केस जन्मानं सेवियाचा आणि पुढे भेटणाऱ्या सुर्बारान या चित्रकाराचं मोठं कामही त्याच शहरातलं, म्हणून मी सेवियाचा उच्चार घेतला आहे. घाटावरच्या आणि कोकणातल्या मराठीत जसा फरक, तसाच हा.

काळाचं भानही मनात असावं. वेलास्केस 1623 मध्ये राजा चौथा फेलिपे याचा दरबारी चित्रकार झाला. त्या वेळी पोर्तुगालचा मुकुटही याच राजाच्या डोक्यावर होता. 1640 मध्ये पोर्तुगाल वेगळा होईपर्यंत गोवा, वसई आणि चौल इथला कारभार त्याच्याच नावानं चाले. प्रादोतला तो लांब हनुवटीचा, थकल्या डोळ्यांचा राजा आपल्याला अगदीच परका नाही. वसईच्या किल्ल्यात त्याच्या नावानं हुकूम निघत होते. 1630 मध्ये शिवाजीराजांचा जन्म झाला तेव्हा वेलास्केस इटलीत होता आणि लोहाराच्या भट्टीचं चित्र काढत होता. 1656 मध्ये राजांनी जावळी घेतली, त्या वर्षी वेलास्केसनं आपलं सर्वांत प्रसिद्ध चित्र ‘लास मेनिनास’ काढलं. आणि 1660 मध्ये शायिस्तेखान पुण्यात येऊन लाल महालात उतरला, त्या ऑगस्टमध्ये माद्रिदला वेलास्केसनं डोळे मिटले. ही सनावळी पाठ करायची गरज नाही. लाल महालावरून जाताना तिची आठवण झाली तरी पुरे.

आता ती भट्टी. चित्राचं नाव ‘व्हल्कनची भट्टी’. ते प्रादोत आहे. व्हल्कन हा रोमन पुराणातला लोहारांचा देव. सूर्यदेव अपोलो भट्टीत येतो आणि त्याला सांगतो, की तुझी बायको व्हीनस युद्धदेव मार्सच्या बाहुपाशात आहे. चित्र त्याच क्षणाचं आहे. डावीकडे अपोलो, डोक्याभोवती तेज, अंगावर केशरी वस्त्र. बाकी सगळे उघड्या अंगाचे कामगार. दंडाचे स्नायू, घामानं चमकणाऱ्या पाठी. व्हल्कनच्या हातातल्या सांडशीत तापून लाल झालेला तुकडा ऐरणीवर धरलेला आहे. आणि सगळ्यांचे हात थांबलेले.

या चित्राची एक चांगली छापील प्रत मी तांबट आळीतल्या एका कारागिरांना दाखवली. आमच्या शेजारचेच, सत्तरी ओलांडलेले, लहानपणापासून मी त्यांना काका म्हणते. त्यांनी अपोलोकडे पाहिलंही नाही. चष्मा वर सरकवून ते थेट ऐरणीवर वाकले. म्हणाले, “ताई, हा गडी बोलत बसलाय आणि इकडे लोखंड निवतंय. आमचं मठारकाम थंड्या तांब्यावर चालतं, घाई नसते. लोखंडाला तसं जमत नाही. तापलंय तोवर ठोकलं पाहिजे.” मग थोड्या वेळानं, मागच्या बाजूच्या कामगारावर बोट ठेवून, “याला माहीत आहे बघ निवतंय ते. मालकाकडे बघतोय, पण कान कामाकडे आहेत.”

चित्रकलेच्या पुस्तकांत या चित्राबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं. वेलास्केसनं इटलीत मानवी देहाचा अभ्यास कसा केला, प्रकाश कुठून येतो, पुराणकथा कोणती. निवणाऱ्या लोखंडाबद्दल मी वाचलेल्या एकाही पानावर काही नव्हतं. पण चित्राचा सगळा ताण तिथेच आहे. बातमी घर मोडणारी आहे, आणि हातातलं काम एका क्षणासाठीही थांबण्याजोगं नाही. वेलास्केसनं हे कुठल्या पोथीत वाचलं असेल असं मला वाटत नाही. तो कुठल्यातरी भट्टीत तासन्‌तास बसला असणार.

तांबट आळीत ज्यांनी सकाळ काढली आहे त्यांना हातोड्यांचा आवाज थांबला की काय होतं ते माहीत आहे. पूर्वी एकाच वेळी दहा-बारा दुकानांतून ठोके चालायचे. बंब, घंगाळं, हंडे, कळशा तयार व्हायच्या. मठारलेल्या तांब्यावर प्रत्येक ठोक्याचा एक छोटा चकचकीत डाग उठतो. हजारो डाग एकमेकांना लागून बसतात. भांडं चमकतं आणि पत्र्याला ताकदही येते. वेलास्केसची उतारवयातली चित्रं जवळून बघितली तर अगदी तशी आहेत. नाकाजवळ धरलं तर नुसते रंगाचे फटकारे, इकडे पांढरा, तिकडे राखाडी, कशाला काही अर्थ नाही. चार पावलं मागे गेलं की त्याचंच रेशीम होतं, चांदीची जर होते, पाच वर्षांच्या राजकन्येचे भुरे केस होतात. ‘लास हिलांदेरास’, म्हणजे सूत कातणाऱ्या बायका, या चित्रात डाव्या बाजूला एक चरखा फिरतोय. त्या चाकाला आरे काढलेलेच नाहीत, फक्त पुसट उजेड आहे. फिरत्या चाकाचे आरे डोळ्याला दिसत नाहीत हे त्यानं नीट पाहिलं होतं.

‘लास मेनिनास’बद्दल जगभर इतकं लिहिलं गेलंय की नव्या माणसाला त्या चित्राची धास्तीच वाटते. आरशात राजा-राणी दिसतात, चित्रकार स्वतःच चित्रात उभा आहे, तो नेमकं कोणाला बघतोय, आपण कुठे उभे आहोत असे प्रश्न. ते सगळे खरे आहेत आणि चौथ्या प्रकरणात त्यांच्याबद्दल सविस्तर आहे. पण पहिल्या भेटीत माझं ऐका. राजकन्या मार्गारिताच्या डाव्या-उजव्या अंगाला दोन दासी आहेत. त्यांतली एक गुडघ्यावर बसून तिला तबकातून काहीतरी देतेय. तबकात एक छोटं लाल मडकं आहे. तळहातात मावेल एवढं, चार-पाच लाल फटकाऱ्यांत काढलेलं. एवढ्या मोठ्या, दहा फुटांहून उंच चित्रात ते शोधावंच लागतं.

स्पेनमध्ये त्याला बुकारो म्हणत. खास सुगंधी मातीची ही भांडी अमेरिकेतल्या वसाहतींतून आणि पोर्तुगालमधून येत. त्यात पाणी ओतलं की पाण्याला मातीचा वास लागे. आणि स्पेनच्या उच्च कुळांतल्या बायका पाणी पिऊन झालं की त्या भांड्याची कड दातांनी फोडून खात. चेहरा फिकट, गोरा दिसतो अशी त्यांची समजूत होती.

हे वाचून परदेशी माणसाला नवल वाटतं. आपल्याकडच्या कुठल्याही बाईला वाटणार नाही. डोहाळ्यांत भाजलेली माती खावीशी वाटणं आपल्या घराघरांत ऐकलेलं आहे. पहिला पाऊस पडला की कुंभारवाड्यात वाळत घातलेल्या कच्च्या मडक्यांना जो वास सुटतो, तो एकदा छातीत भरून घेतलेल्या माणसाला माद्रिदच्या राजवाड्यातल्या त्या लहान मुलीचं मन कळतं. भारी झग्याच्या पिंजऱ्यात उभी करून ठेवलेली पाच वर्षांची पोर. तिला त्या वेळी हवा होता तो मातीचा वास. राजवाड्यातली सगळी भव्यता त्या लाल ठिपक्याभोवती उभी आहे, असं मला दर वेळी वाटतं. कलेच्या इतिहासकारांना हे मान्य होईल न होईल.

भांड्यांची ही ओढ वेलास्केसला आधीपासून होती. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यानं अंडी तळणारी म्हातारी काढली. ते चित्र एडिंबराला आहे, आणि त्यातला पितळी खलबत्ता बघून हात आपोआप पुढे जातो. ही ओढ त्याच्या एकट्याची नव्हे. फ्रान्सिस्को दे सुर्बारान याचं एक छोटं चित्र प्रादोत आहे. त्यात एका फळीवर ओळीनं ठेवलेली चार भांडी, मागे काळोख, बाकी काही नाही. माणूस नाही, फळ नाही, फूल नाही. तरी ते देवघरासारखं शांत आहे. आपल्या फडताळात घासूनपुसून पालथी घातलेली भांडी रात्री दिवा मालवण्याआधी जशी दिसतात तसं. सुर्बारान साधूंची, विरक्तांची चित्रं काढणारा माणूस. त्याला चार भांड्यांतही तीच विरक्ती सापडली. सांचेस कोतान नावाचा एक चित्रकार त्याच्याही आधीचा. त्याच्या एका चित्रात खिडकीच्या चौकटीत कोबीचा गड्डा आणि एक फळ दोरीनं टांगलेलं आहे. उंदीर-घुशींपासून, सडण्यापासून वाचवायला तसं टांगून ठेवायची रीत होती. ज्यांच्या घरात शिंकं होतं त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

एल ग्रेको, रिबेरा, मुरिल्यो यांच्याबद्दल इथे थोडक्यात. एल ग्रेको मूळचा क्रीट बेटावरचा ग्रीक, 1577 मध्ये तोलेदोला आला आणि तिथलाच झाला; त्याची ज्योतीसारखी लांबट माणसं पहिल्यांदा पाहताना काहींना रुचत नाहीत, त्यांच्यासाठी सहावं प्रकरण आहे. रिबेरानं आयुष्य नेपल्समध्ये काढलं आणि भिकाऱ्यांना तत्त्वज्ञांचे चेहरे दिले. मुरिल्योची द्राक्षं आणि खरबूज खाणारी पोरं गोड आहेत, जरा जास्तच गोड. मला तो कमी आवडतो, म्हणून त्याचं प्रकरणही लहान झालं आहे.

गोयाचं मात्र मोठं आहे, आणि त्याच्याकडे जायची वाट शनिवारवाड्यावरून जाते.

1792 मध्ये जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्यामार्फत त्याला दरबारात प्रवेश मिळाला, आणि त्यानं सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं मोठं तैलचित्र काढलं. ते आता लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळाही सुरू झाली. तिथल्या विद्यार्थ्यांत गंगाराम तांबट होता. आडनावच धंदा सांगतं. त्यानं वेरूळच्या लेण्यांची अतिशय काटेकोर रेखाटनं केली. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहेत. तांबटांच्या घराण्यातला एक पोरगा पाश्चात्त्य पद्धतीनं छायाप्रकाश शिकत होता, आणि आमच्या आळीत ही गोष्ट फारशी कोणाला माहीत नाही. वेल्स 1795 मध्ये तापानं गेला, त्याच वर्षी सवाई माधवरावही गेले, आणि ती शाळा तिथेच विरली. ती पंधरा-वीस वर्षं चालली असती तर मराठी चित्रकलेचा इतिहास वेगळा झाला असता, असं मला मनापासून वाटतं.

ज्या हिवाळ्यात वेल्स पुण्यात रंग कालवत होता, त्याच हिवाळ्यात स्पेनमध्ये फ्रान्सिस्को गोया भयंकर आजारी पडला आणि त्यातून उठला तो ठार बहिरा होऊन. तोवर तो राजघराण्याचा लाडका, हसऱ्या रंगांचा चित्रकार होता. नंतरचा गोया वेगळाच. 1808 मध्ये नेपोलियनच्या फौजांनी माद्रिद घेतलं, लोक उठले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सैनिकांनी माणसं धरून आणून गोळ्या घातल्या. त्या पहाटेचं चित्र त्यानं 1814 मध्ये काढलं. जमिनीवर एक मोठा कंदील, हात वर केलेला पांढऱ्या सदऱ्यातला माणूस, आणि पाठमोरे बंदूकधारी, ज्यांच्यापैकी एकाचाही चेहरा दिसत नाही. हे चित्र छापील प्रतीत शंभर वेळा पाहिलं असलं तरी समोर उभं राहिल्यावर छाती दडपते. 1936 नंतरच्या यादवी युद्धात प्रादोतली चित्रं ट्रकांतून हलवली तेव्हा वाटेत बेनिकार्लो गावात एक सज्जा याच्यावर कोसळला आणि कॅन्व्हास फाटला. ती जखम भरली आहे. नीट पाहिलं तर तिच्या खुणा सापडतात.

म्हातारपणी गोयानं माद्रिदबाहेरच्या आपल्या घराच्या भिंतींवर चौदा काळी चित्रं काढली. कोणाच्या मागणीवरून नाही, कोणाला दाखवायला नाही. तो गेल्यावर अनेक वर्षांनी, 1870 नंतर, साल्वादोर मार्तिनेस कुबेल्स नावाच्या कारागिरानं भिंतीवरून रंगाचा थर सोडवून तो कॅन्व्हासवर चढवला. काही रंग गेला, काही बदलला, पण चित्रं वाचली. ते घर मात्र 1909 मध्ये पाडलं गेलं.

गोया 16 एप्रिल 1828 ला वारला. त्याच्या सात आठवडे आधी, 27 फेब्रुवारीला, शनिवारवाड्याला आग लागली. ती कित्येक दिवस धुमसत होती, असं सांगतात. आतली रंगवलेली दालनं, रामायण-महाभारतातल्या प्रसंगांच्या भिंती, सगळं गेलं. आपल्या भिंतींना कुबेल्स भेटला नाही. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात काही भित्तिचित्रं अजून आहेत. माद्रिदला जाण्याआधी ती बघून या. मेणवली पुण्याहून एका दिवसात जाऊन येण्याजोगी आहे. मग गोयाच्या भिंतीवरून उतरवलेल्या त्या चौदा चित्रांपुढे उभं राहिल्यावर काय वाचलं आणि काय गेलं याचा हिशेब तुमच्या मनात आपोआप होईल.

ज्यांना स्पेनला जाणं शक्य नाही त्यांच्यासाठी बडोदा आहे. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा मुलगा दत्तक जाऊन सयाजीराव गायकवाड झाला, आणि त्यानं आपल्या रयतेला युरोपची अस्सल चित्रं बघायला मिळावीत म्हणून जाणकारांकडून ती निवडून विकत आणवली. पहिल्या महायुद्धामुळे चित्रं यायला उशीर झाला. चित्रशाळा 1921 मध्ये उघडली. त्या संग्रहाची ओळख करून देताना सुर्बारानचं नावही घेतलं जातं. नावाच्या पाटीपेक्षा तिथला निवांतपणा मला मोलाचा वाटतो. प्रादोत जी गर्दी असते ती तिथे नसते. एका चित्रापुढे अर्धा तास थांबलात तरी कोणी हटकत नाही. पुण्याहून रात्री निघालं की सकाळी पोचता येतं.

बघायचं कसं, याबद्दल माझी एकच विनंती. चाळीस चित्रं बघू नका, चार बघा. प्रत्येकाला दहा मिनिटं द्या. घड्याळ लावून द्या; पहिली तीन मिनिटं कंटाळा येतो, मग डोळा कामाला लागतो. आधी भांडी बघा, मग हात बघा, चेहरे सर्वांत शेवटी. नाव आणि सनाची पाटी त्यानंतर वाचा. प्रादोत फोटो काढू देत नाहीत आणि ते आपल्या भल्याचंच आहे. सोबत लहान मूल असेल तर त्याला ‘लास मेनिनास’मधलं लाल मडकं शोधायला सांगा. माझ्या भाच्याला ते एका मिनिटाच्या आत सापडलं. मला पहिल्या भेटीत दिसलंही नव्हतं.

या पुस्तकातले दोष माझे आहेत. मी कलेची इतिहासकार नाही. स्पॅनिश मी शिकले ती वयाच्या चाळिशीनंतर, तीही अर्धीमुर्धी. पण या चित्रांपुढे मी पुष्कळ उभी राहिले आहे, आणि जे दिसलं ते आमच्या आळीत येऊन तपासून घेतलं आहे. भट्टीच्या चित्रावर बोलणाऱ्या काकांनी छापील प्रत स्वतःकडे ठेवून घेतली. ती आता त्यांच्या दुकानात, ऐरणीच्या वरच्या भिंतीवर, खिळ्याला लावलेली आहे.

प्रादो सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ आणि रविवारी पाच ते सात या वेळात विनामूल्य बघता येतं. रांग मोठी असते, अर्धा तास आधी जा. लंडनला जाणार असाल तर पाणक्याला विसरू नका. निघण्याआधी ॲप्सली हाउस उघडं आहे ना, एवढं पाहून घ्या.